पाऊल आणि बोटांची ताकद: मज्जासंस्थेच्या आजारात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षाघात, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार), पार्किन्सन, जीबीएस (गिलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर अचानक येणारा आजार), सीएमटी (शार्को-मारी-टूथ, नसांचा आनुवंशिक आजार), मधुमेहातली न्यूरोपथी (नसा खराब होणं), कमरेत दबलेली नस. कारणं वेगळी असली तरी तक्रारी सारख्याच येतात: चवडा उचलत नाही, चप्पल चालता चालता निसटते, बोटं आत वळतात, सपाट जमिनीवरही ठेच लागते. खालचे प्रश्न अशा पावलांबद्दलचे आहेत. उत्तरं वाचून फिजिओथेरपिस्टला टाळू नका. त्यांना काय विचारायचं हे ठरवायला या उत्तरांचा उपयोग करा.

आजार व्यायामाने जाणार नसेल, तर बोटांसाठी एवढा खटाटोप कशाला?

चालताना पुढे येणारं पाऊल जमिनीपासून जेमतेम १ ते २ सेंटिमीटर वरून जातं. निरोगी माणसाचंही. म्हणजे चवडा किंचित कमी उचलला तरी ठेच लागते आणि किंचित जास्त उचलला गेला तरी पडणं टळू शकतं. शरीरात फार थोड्या जागा अशा आहेत जिथे इतक्या छोट्या सुधारणेने इतका मोठा फरक पडतो.

शिवाय पायातली सगळी अशक्तता आजाराचीच नसते. नसेला किंवा मेंदूला झालेल्या इजेमुळे काही ताकद जाते, आणि नंतर महिनोन् महिने पाय वापरला न गेल्यामुळे आणखी काही जाते. या दुसऱ्या वाट्यातली बरीचशी परत मिळवता येते. पहिल्या वाट्यातली किती मिळेल हे आजारावर अवलंबून असतं, आणि ते कुणीही छातीठोकपणे सांगू नये.

सगळ्यांसाठी एकच व्यायामाचा तक्ता का चालत नाही?

कारण ‘पाय चालत नाही’ या एका तक्रारीमागे दोन अगदी उलट गोष्टी असू शकतात, आणि या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मेंदू किंवा मज्जारज्जूला इजा झाली असेल (पक्षाघात, एमएस, मणक्याला मार), तर स्नायू अशक्त असतोच, पण त्याच्या समोरचा स्नायू ताठरलेला असतो. पोटरी आवळलेली, बोटं तळव्याकडे वळलेली, पाऊल आतल्या बाजूला फिरलेलं. अशा पायात चवडा उचलणारा स्नायू पोटरीशी झुंजत असतो. तिथे पोटरी सैल करणं आधी आणि ताकद नंतर.

इजा पायाकडे येणाऱ्या नसांना झाली असेल (न्यूरोपथी, सीएमटी, जीबीएस, गुडघ्याजवळ दबलेली नस), तर स्नायू लुळा, सैल आणि हळूहळू बारीक होतो. तिथे ताठरपणा सहसा नसतो, पण सांधे आखडण्याची भीती असते आणि थकलेल्या स्नायूला दामटवण्याचा धोका असतो.

एकाला लाभणारा व्यायाम दुसऱ्याच्या बोटांना आणखी वळवू शकतो. डॉक्टरांना सरळ विचारा: माझ्या पायात ताठरपणा आहे की लुळेपणा, की दोन्ही?

घरी काही अंदाज बांधता येतो का?

थोडासा. खुर्चीत बसा, पाऊल हवेत ठेवा आणि कुणाला तरी चवडा हळूच वर ढकलायला सांगा. मग तेच झटक्यात करायला सांगा. हळू ढकलल्यावर पाऊल येतं, पण झटक्याने ढकलल्यावर अडतं किंवा थरथरतं, तर ताठरपणा आहे. दोन्ही वेळा सारखंच अडत असेल, तर स्नायू किंवा सांधा आखूड झालेला असू शकतो. दोन्ही वेळा सैल येत असेल आणि तुम्हाला मात्र उचलता येत नसेल, तर प्रश्न ताकदीचा. हा केवळ अंदाज आहे, निदान नव्हे.

पाऊल अजिबात हलतच नाही. मग व्यायाम करायचा कसा?

कुशीवर झोपून. बसलेल्या माणसाला चवडा उचलताना पावलाचं वजन पेलावं लागतं. कुशीवर झोपल्यावर ते पेलावं लागत नाही. पायाखाली गुळगुळीत पुठ्ठा ठेवा, म्हणजे घासणंही कमी होतं. बसल्यावर दिसत नव्हती अशी हालचाल इथे पुष्कळदा दिसते.

तिथेही काही दिसत नसेल तर दोन्ही पावलं एकत्र उचलायचा प्रयत्न करा. चांगल्या पायाची हालचाल बघत, दुसऱ्यालाही तोच हुकूम द्या, आणि मदतनिसाने तो पाय हाताने हलवावा. मदतनिसाने हलवायचं आणि रुग्णाने खिडकीबाहेर बघायचं, असं मात्र नको. हालचाल दुसऱ्याने केली तरी प्रयत्न आणि लक्ष स्वतःचंच हवं. पक्षाघातानंतर आरशाचा उपयोगही करतात: दोन पायांच्या मध्ये आरसा उभा ठेवायचा आणि त्यात चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत दोन्ही पाय हलवायचा प्रयत्न करायचा. मेंदूला ते प्रतिबिंब दुर्बळ पायासारखं भासतं.

चवडा उचलण्यासाठी सगळ्यात कामाचा व्यायाम कोणता?

नडगीच्या पुढच्या बाजूला, हाडाच्या किंचित बाहेर, बोटं ठेवा. चवडा उचलताना तिथे जो स्नायू टणक होतो त्याला काम द्यायचं आहे.

खुर्चीत बसा, टाच गुडघ्याच्या थोडी पुढे ठेवा. टाच जमिनीवर राहू द्या, चवडा वर घ्या, दोन-तीन सेकंद धरा. आता खरं काम: खाली आणताना तीन-चार सेकंद घ्या. चवडा धप्पकन पडू द्यायचा नाही. चालताना टाच टेकल्यावर पाऊल फटकन आपटतं ते हा स्नायू सावकाश सोडत नाही म्हणून, आणि उतरवण्याचा सराव केल्याशिवाय ते आपटणं थांबत नाही. टाच जितकी गुडघ्याखाली मागे घ्याल तितका व्यायाम अवघड होतो.

दोन चुका फार लोक करतात. एक, चवड्याऐवजी फक्त बोटं वर ताणतात. मुख्य स्नायू अशक्त असला की बोटं उचलणारे लांब स्नायू त्याच्या मदतीला धावतात. चवडा थोडा उचलला जातो खरा, पण वर्षानुवर्षं असंच चाललं तर बोटं पक्ष्याच्या नख्यांसारखी वाकडी होतात. सीएमटीत हे नेहमी दिसतं. म्हणून बोटं सैल ठेवून चवडा उचलायला शिका, निदान काही वेळा तरी. दुसरी चूक म्हणजे पाऊल आतल्या कडेला फिरवून उचलणं. करंगळीकडची कड वर यायला हवी. त्यासाठी टाच न हलवता पाऊल बाहेरच्या बाजूला वळवण्याचा वेगळा सराव करा. ती कड अशक्त राहिली तर घोटा मुरगळतो.

हे सहज जमू लागलं की रबरी पट्टा आणा. त्याआधी नको.

बोटांनी टॉवेल गोळा करायचा, गोट्या उचलायच्या, हे सगळे सांगतात. करू का?

बोटं सैल आणि अशक्त असतील तर जरूर करा. बोटं आपोआप आत वळत असतील, चपलेत तळव्याला रुतत असतील, उभं राहिल्यावर जमिनीला घट्ट पकडत असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की करू नका. ती बोटं आधीच दिवसभर टॉवेल गोळा करत आहेत. त्यांना पकडायला नव्हे, सोडायला शिकवायचं आहे.

अशा पायासाठी वेगळा क्रम: आधी बोटं हाताने हळूच सरळ करून, टोकाकडे नव्हे तर मुळाशी आधार देत, अर्धा मिनिट धरा. मग पाऊल जमिनीवर सपाट ठेवून बोटं फक्त लांब करा, जणू ती पुढे वाढवायची आहेत. उचलू नका, दाबू नका. शेवटी त्यांना एकमेकांपासून पसरवायचा प्रयत्न. बोटांमध्ये मऊ फोम किंवा कापसाची गुंडाळी ठेवल्याने मदत होते, पण बधिर पायात ती घट्ट बसत नाही ना, त्वचा लाल होत नाही ना, हे दर थोड्या वेळाने बघा.

तळव्यातल्या छोट्या स्नायूंना स्वतंत्र व्यायाम हवा का?

हवा. तळव्यात स्नायूंचे चार थर आहेत आणि कमान उचलून धरणं, बोटं सरळ ठेवून जमिनीवर दाबणं हे काम त्यांचं. लांबीनुसार वाढत जाणाऱ्या न्यूरोपथीत सर्वात आधी हेच सुकतात, कारण त्यांच्यापर्यंत येणारी नस सगळ्यात लांब असते.

पाऊल सपाट ठेवा. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, या तिन्ही जागा जमिनीला टेकलेल्या राहू द्या. आता बोटं न वळवता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढल्यासारखं करा. कमान किंचित वर येईल. पाच सेकंद धरा, सोडा. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकाची बोटं वळतात; वळली की तळव्यातलं काम थांबून पोटरीतले लांब स्नायू लागलेले असतात, म्हणून थांबा आणि कमी जोर लावून पुन्हा करा.

दुसरा व्यायाम: चारही बोटं जमिनीवर ठेवून फक्त अंगठा उचलणं, मग अंगठा खाली ठेवून चारही बोटं उचलणं. निरोगी माणसांनाही पहिल्या आठवड्यात हे जमत नाही. न जमणं म्हणजे आजार वाढणं नव्हे.

पोटरी ताणायची की बळकट करायची?

पुष्कळांना दोन्ही. भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीला, गुडघा सरळ: ३० सेकंद, तीन-चार वेळा. मग गुडघा थोडा वाकवून तेच, कारण पोटरीतला खोलवरचा स्नायू गुडघा सरळ असताना नीट ताणला जात नाही. उभं राहणं सुरक्षित नसेल तर बसून चवड्याखाली ओढणी किंवा पट्टा घालून स्वतःकडे ओढा. झटके देऊ नका. झटक्याने ताठरपणा जागा होतो.

ताकदीसाठी जड टेबलाला धरून दोन्ही टाचा उचला आणि सावकाश खाली आणा. ताठरलेली पोटरी मजबूत असते असा समज आहे, पण ती बहुतेक वेळा अशक्तही असते. ताठरपणा जास्त असेल तर हा व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या समोर सुरू करा.

मी चवडा टेकवला की पाय थडथड उडायला लागतो. हे काय आहे?

याला क्लोनस म्हणतात. पोटरी झटक्यात ताणली गेल्याने ती पुन्हा पुन्हा आपोआप आकुंचन पावते. घाबरण्यासारखं नाही. गुडघ्यावर हाताने दाबून टाच जमिनीवर टेकवा आणि तिथेच धरा; सहसा थांबतो. खुर्ची उंच असल्याने नुसता चवडा टेकत असेल तर पायाखाली पाट ठेवा.

किती वेळा करायचं आणि फरक कधी दिसेल?

एकेक व्यायाम आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा, ही बऱ्याच जणांना झेपणारी सुरुवात आहे. पण आकड्यापेक्षा हालचालीचा दर्जा बघा: सातव्या वेळी चवडा अर्धाच उचलला जात असेल किंवा पाऊल आत फिरू लागलं असेल, तर तुमचा आकडा सहा.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत जी सुधारणा दिसते ती प्रामुख्याने मेंदू आणि नस स्नायूला अधिक चांगलं जागं करू लागल्याची असते; स्नायू भरायला आठ ते बारा आठवडे तरी लागतात. नस तुटून पुन्हा वाढत असेल तर तिचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. गुडघ्यापाशी इजा झालेल्या नसेकडून दोन आठवड्यांत बोटं हलण्याची अपेक्षा करणं म्हणजे स्वतःवर अन्याय करणं.

पक्षाघातात मात्र केवळ बसून केलेले व्यायाम पुरेसे नाहीत. मेंदू जे काम करतो ते शिकतो. चवडा उचलता येऊ लागला की तोच चवडा चालताना, पायरी चढताना, खुर्चीतून उठताना वापरण्याचा सराव लगेच जोडा.

एमएस आहे. व्यायाम केला की पाय आणखी जड होतो. बंद करू?

बंद करू नका, वेळ आणि पद्धत बदला. शरीर तापलं की एमएसमध्ये लक्षणं तात्पुरती वाढतात. विल्हेल्म उटहॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं आणि आजही ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. शरीर थंड झालं की ताकद परत येते, नसेचं नवं नुकसान होत नाही. सकाळी, पंख्याखाली, गार पाणी प्यायला जवळ ठेवून, पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा. नवं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं तर मात्र डॉक्टरांना कळवा, तो आजाराचा नवा झटका असू शकतो.

पार्किन्सनमध्ये पहाटे बोटं आवळून दुखतात. तेव्हा व्यायाम करू का?

तेव्हा नको. रात्रीतून औषधाचा परिणाम ओसरल्याने पहाटे असं होतं. औषध घेऊन पाय मोकळा झाला की व्यायाम करा, आणि हा त्रास न्यूरोलॉजिस्टना आवर्जून सांगा, कारण पुष्कळदा औषधाच्या वेळा बदलून तो कमी होतो. पार्किन्सनमध्ये हालचाली हळूहळू लहान होत जातात, म्हणून इथे सूचना एकच: मोठी हालचाल. चवडा शक्य तितका वर, टाच ठसक्यात. चालताना पाय जागीच खिळला तर मदतनिसाने ओढू नये. थांबा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्या आणि जमिनीवरच्या एखाद्या रेघेवरून पाऊल टाकायचं आहे असं ठरवून टाका.

सीएमटी, जीबीएस किंवा एएलएसमध्ये जास्त व्यायामाने नुकसान होतं का?

हे तिन्ही आजार वेगळे आहेत, पण एक नियम तिघांना लागू पडतो: व्यायामानंतर आलेला थकवा दुसऱ्या दिवशी सकाळी उरता कामा नये. उरला असेल, किंवा पाय आदल्या दिवसापेक्षा कमी उचलला जात असेल, तर व्यायाम निम्मा करा.

सीएमटीत (१८८६ मध्ये शार्को, मारी आणि टूथ यांनी वर्णन केलेला आनुवंशिक आजार) मध्यम जोराचा, हळूहळू वाढवलेला व्यायाम बहुतेकांना झेपतो, आणि पोटरी ताणणं तर लहानपणापासून हवं. जीबीएसमधून सावरताना ताकद परतत असते. घाई नको, खंडही नको. एएलएसमध्ये (स्नायूंना चालवणाऱ्या नसपेशी हळूहळू नष्ट होत जाणारा आजार) थकेपर्यंत व्यायाम कधीच नाही. तिथे सांधे मोकळे ठेवणं, गोळे कमी करणं आणि पाय आरामात ठेवणं हाच हेतू असावा, आणि तो हेतू छोटा नाही.

पाय बधिर आहेत. अनवाणी व्यायाम चालेल?

जमिनीची जाणीव मिळावी म्हणून अनवाणी व्यायाम सुचवतात, पण बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही. मऊ मोजे किंवा पातळ तळाचे बंद बूट घाला, गोट्यांसारख्या टणक वस्तू टाळा, आणि आधी व नंतर तळवा बघा. वाकता येत नसेल तर आरशात. फोड, भेग किंवा जखम असेल तर त्या पायावर भार देणारे व्यायाम बंद. मधुमेह असलेल्या माणसाचं एक पाऊल अचानक गरम, लाल आणि सुजलेलं दिसलं, तर दुखत नसलं तरी त्यावर भार देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हाडं आणि सांधे ढासळत असल्याची ती खूण असू शकते.

पायाचा स्प्लिंट घातला तर स्नायू आळशी होतील ना?

ही भीती अनेकांना पडण्यापर्यंत नेते. घोट्याला आधार देणारा स्प्लिंट, ज्याला एएफओ म्हणतात, तो चालताना ठेच टाळतो आणि तुम्हाला जास्त चालू देतो. जास्त चालणं हाही व्यायामच. स्नायू आळशी होऊ नयेत म्हणून स्प्लिंट काढून दिवसातून दोनदा व्यायाम करा आणि चालताना तो घाला. त्वचेवर उठलेला लाल वळ वीस-तीस मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट नीट करून घ्या.

विजेच्या उपकरणाने पाय उचलता येतो म्हणतात?

येतो, पण मेंदू किंवा मज्जारज्जूच्या इजेत, जिथे पायाकडे येणारी नस शाबूत असते. नसच खराब असेल तर तिला उत्तेजित करून काही हाती लागत नाही. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. ताठरपणासाठी बोट्युलिनमची इंजेक्शनं घेतली असतील तर त्यांचा परिणाम साधारण तीन महिने राहतो. त्या काळात पोटरी सैल असते, तेव्हाच चवडा उचलण्याचा सराव सर्वाधिक करा.

पायावर पाय टाकून बसल्याने काही होतं का?

होतं. चवडा उचलणाऱ्या स्नायूंची नस गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, हाडाला वळसा घालून अगदी त्वचेखालून जाते. पायावर पाय, तासन् तास उकिडवं बसणं, घट्ट प्लास्टर किंवा पट्टा यांनी ती दबते. आधीच दुबळी असलेली नस लवकर दबते. व्यायामाइतकंच हेही सांभाळा.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं?

चवडा अचानक पडला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा पायाबरोबर चेहरा वाकडा झाला अथवा बोलणं अडखळलं, तर एक मिनिटही वाट बघू नका. एकच पोटरी सुजून, गरम होऊन दुखू लागली तर ताणू नका, चोळू नका. रक्ताची गाठ असू शकते.

सुधारणा होतेय हे कसं कळेल?

रोज कळणार नाही. महिन्यातून एकदा, त्याच खुर्चीत, दिवसाच्या त्याच वेळी, चवडा उचलतानाचा बाजूने व्हिडिओ काढा. चालण्याचाही एक काढा, आवाजासकट, कारण पाऊल आपटण्याचा आवाज कमी झाला की ते आधी कानाला कळतं. बुटाच्या टोकाची झीज बघा. महिन्यात किती वेळा ठेच लागली ते लिहून ठेवा. घरातल्या कुणाला तरी विचारा, कारण रोज सोबत चालणाऱ्याला फरक तुमच्याआधी दिसतो. वाढत्या आजारात आकडा तीन महिने तसाच राहिला तर तीही व्यायामाची कमाईच आहे. फिजिओथेरपिस्टला हे व्हिडिओ दाखवा, म्हणजे पुढचे व्यायाम त्यावरून ठरवता येतील.